नव्या कोचला दुसरा पावसाळा पाहू द्या

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतचे पालक, गावोगावच्या कबड्डी मंडळांचे पदाधिकारी आणि कधीकाळी कॉलेजची जर्सी अंगावर चढवलेले सगळे माजी खेळाडू, तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या कॉलेजच्या संघाला यंदा नवा कोच मिळाला असेल आणि संघ पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद झाला असेल, तर प्राचार्यांच्या केबिनकडे निघालेलं शिष्टमंडळ जरा थांबवा. कोच ठेवायचा की घालवायचा हे ठरवायला पहिला हंगाम अगदी कुचकामी आहे. आपल्या किनाऱ्यावर तर जास्तच.

आपल्याकडचं वर्ष कसं असतं ते बघा. बारावीचा निकाल, प्रवेशाच्या याद्या, मग कॉलेज सुरू. संघ जमेपर्यंत जुलै उजाडतो आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळा सरायच्या आत दारात उभ्या राहतात. मधल्या काळात मैदानाचं शेत झालेलं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे थळ, कोर्लई, राजपुरीकडची कोळ्यांची पोरं तेव्हा मोकळी असतात. पण तेव्हा संघच ठरलेला नसतो. ऑगस्टात संघ ठरतो, तर नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या पाण्यात आणि त्यातली निम्मी पोरं होडीवर. शेतकऱ्यांच्या घरची पोरं जुलैभर लावणीत. नंतर गणपती. गौरी-गणपतीत सरावाला हजेरी मागणारा कोच दिसला की खुशाल समजावं, हा माणूस कोकणातला नाही. तो बिचारा शिट्टी घेऊन रिकाम्या मैदानावर उभा असतो आणि मनात म्हणत असतो, यांना खेळायचंच नाही. पोरं म्हणतात, याला काही कळतच नाही. खरं तर दोघांचं कॅलेंडर वेगळं आहे, एवढीच गोष्ट.

त्यात प्रवास. सामना मुंबईत असेल तर पावसात मांडवा-गेटवे लाँच बंद. रो-रो असते, पण समुद्र खवळला की तिचाही नेम नाही. मुरूडच्या पोरांनी पहाटेच घर सोडायचं, अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल करत एसटीत अंग आंबवायचं आणि उतरल्या उतरल्या मॅटवर उभं राहायचं. समोरचा संघ लोकलने तासाभरात आलेला.

मॅटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. आपली पोरं मातीवर आणि पुळणीवर शिकतात. अनवाणी खेळतात. माती पायाला थोडं घसरू देते आणि पडणाऱ्याला सांभाळूनही घेते. म्हणून आपल्याकडचा कोपरारक्षक जिवाची पर्वा न करता घोट्यावर झेप घेतो आणि ती पकड सुटत नाही. मॅटवर बूट घालावे लागतात, बूट मॅटला धरतो. मातीवर जिथे पाय सरकून वळला असता, तिथे मॅटवर पाय जागेवर राहतो आणि गुडघा वळतो. खेळाची गतीही बदलते. चढाईला ३० सेकंद तेवढेच. पण चढाईपटूला मागे फिरायला लागणारा क्षण मॅटवर कमी होतो, त्यामुळे एकट्याने झेप घेणारा कोपरा उघडा पडतो आणि साखळीने घेरावं लागतं. नवा कोच पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून शिकून आलेला असला तर तो पहिल्या आठवड्यापासून हेच बदलायला घेतो. पायांची ठेवण, साखळी, कोणी कधी थांबायचं. जुनी सवय मोडलेली असते आणि नवी लागलेली नसते. या मधल्या अवस्थेतला संघ गेल्या वर्षीपेक्षाही वाईट खेळतो. तो वाईट खेळणारच. ज्याला चढाईत मोकळं रान होतं त्या हुकमी गड्याला आता दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, त्यामुळे कोच त्याला आधीच्या दोन चढायांत थोपवून धरायला शिकवत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते इतकंच की आपला वाघ शेळी झाला.

मग गावात सुरू होतं. “कोचनं आपल्या पोराला बसवून ठेवलान.” बसवून ठेवलं असेलही. विचारा की का, पण कोचला विचारा, नाक्यावर नको.

गुणफलक बघायचीही एक पद्धत आहे. सातही गडी बाद झाले की लोण चढतो, समोरच्याला दोन गुण वरचे मिळतात आणि सामना तिथून घसरत जातो. त्यामुळे पंचवीस मिनिटं बरोबरीत झुंजलेला संघ शेवटी पंधरा गुणांनी हरलेला दिसू शकतो आणि पहिल्या पाच मिनिटांतच हात टेकलेला संघही तितक्याच फरकाने हरू शकतो. दोन्ही पराभव पेपरात सारखेच छापून येतात. तुम्ही सामन्याला जाता ना, मग पहिला लोण कितव्या मिनिटाला चढला ते बघा. आपले किती गडी रेषेबाहेर पाय टाकून स्वतःच बाद झाले ते मोजा. तीनच गडी उरलेले असताना संघ बिथरला की त्यातूनही अव्वल पकड करायला धजावला, ते बघा. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी हे सगळं तसंच राहिलं असेल, तर कोचकडे बोट दाखवायला तुम्हाला काहीतरी आधार आहे. सुधारलं असेल तर निकाल काहीही असो, गप्प बसा.

तुम्ही म्हणाल, चांगला कोच पहिल्याच वर्षी दिसतो. मनप्रीत सिंग यांचं उदाहरण घ्या. पाटणा पायरेट्सचा कर्णधार म्हणून प्रो कबड्डी जिंकलेला माणूस, पुढे कोच झाल्यावर गुजरातला ओळीने दोन वर्षं अंतिम सामन्यात नेलं. असा माणूस २०२२ मध्ये हरियाणा स्टीलर्सकडे आला आणि पहिल्या हंगामात संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. दुसऱ्या हंगामात अंतिम सामन्यात आपल्या पुणेरी पलटणकडून २८-२५ असा हरला. तिसऱ्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, पुण्यातच पाटण्याला हरवून विजेता झाला. तिथे पैसा आहे, लिलावातून हवे ते खेळाडू घेता येतात, फिजिओ हाताशी असतो. तरी तीन हंगाम लागले. आपल्या कोचला लिलाव नाही. जे पोर प्रवेश घेईल तेच त्याचं. वर दरवर्षी तिसऱ्या वर्षाची पोरं पदवी घेऊन निघून जातात. म्हणजे त्याने पहिल्या दिवसापासून घडवलेला संघ त्याला तिसऱ्या वर्षीच मिळणार, तोवर तो टिकला तर.

कॉलेजच्याच खेळातलं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं आहे. १९८० मध्ये तिथे माइक शिशेव्हस्की नावाचा तरुण कोच आला. पहिल्या वर्षी १७ विजय, १३ पराभव. दुसऱ्या वर्षी १० विजय आणि १७ पराभव, तिसऱ्या वर्षी ११ विजय आणि पुन्हा १७ पराभव. देणग्या देणारे माजी विद्यार्थी त्याला काढा म्हणून मागे लागले. तिथले क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी १९८४ च्या सुरुवातीला उलट त्याचा करार वाढवला. पुढे त्या कोचने पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणली, पहिलं १९९१ साली. प्रत्येक हरणाऱ्या कोचच्या आत असा शिशेव्हस्की दडलेला असतो असं माझं म्हणणं नाही. बरेचसे साधेच निघतात. पण साधा कोण आणि असा कोण, हे पहिल्या वर्षी टॉम बटर्सलाही कळायचं नाही.

आता मंडळवाल्यांशी थोडं स्पष्ट बोलतो, कारण खरा ताण तिथे आहे. भात कापून झालं की गावोगाव प्रकाशझोतातल्या स्पर्धा लागतात. मान असतो, रोख बक्षीस असतं, पोर गावाच्या नावाने खेळतं. त्याला विरोध नाही. आपल्या किनाऱ्यावर कबड्डी जगली ती मंडळांमुळे, कॉलेजांमुळे नव्हे. पण एकच पोर आज नागावात, उद्या चौलला, परवा पोयनाडला रात्री बारा वाजेपर्यंत खेळतं आणि सकाळी सरावाला लंगडत येतं. कोचने नको म्हटलं की तो गावचा दुश्मन ठरतो. हे बसून मिटवता येतं. हंगामाआधी मंडळांनी आपल्या स्पर्धांच्या तारखा कोचला द्याव्यात, त्याने कॉलेजच्या द्याव्यात आणि कोणत्या पोराने कुठे खेळायचं ते आधीच ठरावं. पोराला स्पर्धेत लागलं तर ते लपवू नका, दुसऱ्या दिवशी कोचला फोन करा. आणि ज्या मंडळाकडे स्वतःची मॅट असेल, त्यांनी ती पावसाळ्यात गुंडाळून ठेवण्यापेक्षा कॉलेजच्या हॉलमध्ये अंथरायला दिली, तर या लेखातली निम्मी तक्रार मिटेल.

आईवडिलांनी पोर घरी आल्यावर “जिंकलात का?” हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला “काही लागलं का?” गुडघा सुजला असेल तर तेल चोळून पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा. महागड्या पावडरीच्या डब्यांच्या नादी लागू नका. घरात अंडी, मासे, डाळ, सुकट आहे, ते पोटभर द्या. मुलीच्या सरावाची वेळ शेवटच्या एसटीशी जुळत नसेल तर तिचा खेळ बंद करण्याआधी कोचला भेटून वेळ बदलून मागा. बहुतेक वेळा त्याला एसटीचं वेळापत्रकच माहीत नसतं.

धीर धरा म्हणजे सगळं सोसा, असा मात्र अर्थ काढू नका. कोच पोरांवर हात उचलत असेल, दुखापत असताना इंजेक्शन मारून उतरवत असेल, वजन बसावं म्हणून दोन-दोन दिवस उपाशी ठेवत असेल, किंवा मुलींशी त्याचं वागणं-बोलणं खटकणारं असेल, तर पहिल्या हंगामाचं कसलं कौतुक, पहिल्या आठवड्यात तक्रार करा. लेखी करा. मुलींच्या बाबतीत कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे करा. तेव्हा तो सामने जिंकतोय म्हणून डोळेझाक करणारे लोकही असतात, त्यांचंही ऐकू नका.

नव्या कोचलाही दोन शब्द. मातीतला खेळ म्हणजे अडाणी खेळ, असं पोरांसमोर बोलू नका. ती घोट्याची पकड तुम्हाला पतियाळात आयती मिळाली नसती. कोणाच्या घरी होडी आहे, कोणाची लावणी कधी आहे, हे जूनमध्येच वहीत लिहून घ्या आणि सराव त्याप्रमाणे लावा. जून-जुलैत कोळीवाड्यात एखादी चक्कर मारा. तेव्हा माणसं घरी असतात, बोलायला वेळ असतो. गावातल्या जुन्या पंचाला सरावाला बोलावून बसवा. तो चहा पिईल, दोन चुका काढेल आणि नाक्यावर जाऊन तुमची बाजू मांडेल.

प्राचार्य आणि संस्थाचालकांकडे मागणं एवढंच आहे: स्पर्धेआधी दोन-तीन महिन्यांपुरता मानधनावर कोच आणायचा आणि हरला की पुढच्या वर्षी दुसरा शोधायचा, हा प्रकार बंद करा. नेमणूक निदान तीन वर्षांची करा आणि मानधन बारा महिन्यांचं द्या. जिमखान्याची वार्षिक बैठक मार्चच्या आत घ्या, तिला कोचबरोबर मंडळांची माणसं आणि पालकही बोलवा. बैठकीची वेळ संध्याकाळची असू दे, पण मुरूडकडची शेवटची एसटी चुकणार नाही अशी.