शत्रू दुर्मीळ, गाफीलपणा नित्याचा

ज्या देशात क्षयरोग दरवर्षी लाखोंचे बळी घेतो, तेथे निपाहसारख्या क्वचित उद्भवणाऱ्या रोगासाठी खर्च कशाला, असा सवाल काही विद्वान मोठ्या आविर्भावात करीत असतात. सीमेवर रोज युद्ध होत नाही, म्हणून हे विद्वान चौक्याही उठवायला सांगणार काय?

२००१च्या प्रारंभी सिलिगुडीत एका अनाम तापाने ६६ जणांना ग्रासले, ४५ दगावले. बाधितांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना संसर्ग झाला तो रुग्णालयात. त्यांत कर्मचारी होते, भेटीस आलेले आप्त होते. तो रोग निपाह होता, हे २००६ साली जगापुढे आले. शत्रू घरात शिरून माणसे मारून गेला आणि त्याचे नाव कळायला पाच वर्षे लागली!

यातून धडा घेतला गेला काय? २०१८ साली केरळमध्ये तोच विषाणू पुन्हा रुग्णालयांतूनच पसरला. अधिकृत नोंदीनुसार १७ बळी गेले. पेरांब्रा तालुका रुग्णालयात पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी २१ मे रोजी मृत्यू पावल्या. दुसऱ्याच रुग्णाच्या वेळी जागरूक डॉक्टरांना संशय आला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निदानावर शिक्कामोर्तब केले आणि साथ आवरली. मात्र तोवर पहिल्या रुग्णाकडून बहुतेकांना लागण होऊन चुकली होती. ‘केरळ प्रारूपा’चे ढोल बडवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुण्यातील प्रयोगशाळा राष्ट्राला भूषणावह आहे. पण विषाणू प्रथम येतो तो तालुक्याच्या दवाखान्यात. तेथे विलगीकरणाची खोली आहे काय? हातमोजे, मुखपट्ट्या पुरेशा आहेत काय? संरक्षक पोशाख चढवण्या-उतरवण्याचा सराव कोणी घेतो काय? खाटेभोवती नातलगांची गर्दी कोणी रोखतो काय? निपाहवर आजही मान्यताप्राप्त लस नाही. तेव्हा हीच खरी ढाल. हवेशीर खोली आणि मुखपट्टी क्षयरोगालाही अटकाव करतात, हे त्या विद्वानांना ठाऊक नाही काय? दुर्मीळ रोगासाठी केलेली सिद्धता रोजच्या रुग्णाच्याच कामी येते.

हुतात्मा परिचारिकेला पुष्पहार अर्पण करणे सोपे. तिला वेळेवर हातमोजे पुरवणे हे शासनाचे कर्तव्य. साथ आल्यावर सेवेला धावणाऱ्या कार्यकर्त्यांनी, साथ नसतानाच आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन हे चार प्रश्न विचारावेत. तहान लागल्यावर विहीर खणणारा समाज समर्थ म्हणवून घेऊ शकत नाही.