वाळीत टाकणाऱ्यांचे काय?

नाशिकमध्ये जून २०१३ मध्ये एका पित्याने जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या गर्भवती मुलीचा गळा आवळून खून केला. सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती कायम केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा सिद्ध मानूनच ही शिक्षा माफीविना वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. या खुनामागे जातपंचायतीचा धाक असल्याचा आरोप त्याच वेळी झाला होता. खटला अर्थातच खून करणाऱ्यावर चालला, आणि तो तसाच चालायला हवा होता. परंतु एखाद्या कुटुंबाला जातीतून बाहेर काढणे किंवा तशी भीती घालणे हा त्या दिवशी महाराष्ट्रात स्वतंत्र गुन्हाच नव्हता, ही वस्तुस्थिती त्या निमित्ताने उघडी पडली.

भेदभावाविरुद्ध कायद्यांची वाण होती असे नव्हे. राज्यघटनेचे सतरावे कलम होते, १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा होता, १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, आणि १९८९ पासून ॲट्रॉसिटी कायदाही होता. एका जातीने दुसऱ्या जातीवर केलेला अन्याय हे चित्र या कायद्यांच्या मुळाशी आहे, आणि इतिहास पाहता ते रास्तच आहे. ॲट्रॉसिटी कायदा लागू होण्यासाठी तर आरोपी अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असावा लागतो. पण वाळीत टाकणारे पंच आणि वाळीत पडणारे कुटुंब एकाच जातीचे असले, की हा कायदा त्यांच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. मग तक्रारदाराला खंडणी, धमकी, अब्रुनुकसानी अशा कलमांचा आधार शोधावा लागे. घरचे कार्य अडवले गेले, मयताला कोणी आले नाही, याची नोंद नेमकी कशाखाली करायची, हा ठाणे अंमलदाराचा प्रश्न खोटा नव्हता.

बहिष्कार हे किती धारदार हत्यार आहे, हे मात्र फार पूर्वी ओळखले गेले होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल आला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची कसायची जमीन काढून घेणे, त्यांना कामावरून कमी करणे, गावातील वाट बंद करणे, वाण्याने माल न देणे, असे प्रकार त्या अहवालात नमूद आहेत. पुढे पहिल्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकरांनी जी संरक्षणांची योजना मांडली, तीत बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा अशी मागणी होती आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. ॲट्रॉसिटी कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराचा स्पष्ट समावेश झाला तो २०१५ च्या दुरुस्तीने. मधल्या काळात पंचाऐंशी वर्षे गेली.

जातीअंतर्गत बहिष्काराची कथा याहून विचित्र आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृतीस मनाई करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचे स्वातंत्र्य आहे या आधारावर, तो बहुमताने रद्दबातल ठरवला. त्यानंतर पाच दशके या विषयाला कोणत्याही सरकारने हात लावला नाही. १९६२ च्या त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२३ मध्ये हे प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे वर्ग करण्यात आले.

नाशिकच्या घटनेनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. त्याची पहिली परिषद ऑगस्ट २०१३ मध्ये नाशिकलाच भरली; त्याच महिन्याच्या २० तारखेला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. अभियान थांबले नाही. विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक विधेयक मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ मध्ये तो कायदा अमलात आला. बहिष्कारासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. पीडित व्यक्ती वा तिच्या कुटुंबीयांना पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला निकाली काढावा, असेही कायदा सांगतो.

कागदावर ही तरतूद भक्कम आहे. अडचण पुराव्याची आहे. मारहाणीची खूण राहते, बहिष्काराची राहत नाही. पंच हल्ली लेखी फर्मान काढत नाहीत. एक निरोप फिरतो आणि लग्नाची पत्रिका येणे थांबते, मुलीच्या सोयरिकी परस्पर फिरतात, दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागतो. आमंत्रण न देणे हा कोणाचाही खासगी निर्णय असू शकतो. तो निर्णय शंभर घरांनी एकाच आठवड्यात घेतला, हे सिद्ध करायचे तर त्या शंभरांपैकीच कोणीतरी साक्षीला उभे राहावे लागते, आणि उभा राहणारा दुसऱ्या दिवसापासून एकशेएकावा बहिष्कृत ठरतो.

दुसरी अडचण तडजोडीची. गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. आरोपी पंच लगेच वस्तीवर परततात. शिवाय पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर खटला मिटवता येतो. या सवलतीमागील हेतू चांगला आहे, कारण वाळीत पडलेल्या माणसाला पंच तुरुंगात गेलेले पाहण्यापेक्षा आपल्या माणसांत परत जाण्याची ओढ अधिक असते. नेमकी हीच ओढ पंचांच्या उपयोगी पडते. तक्रार मागे घे, जातीत घेतो, एवढा सौदा पुरेसा होतो. दंड भरून जातीत परत घेण्याची जुनी रीतही हीच होती. आता दंडाच्या जागी तक्रारीचा कागद आला, इतकेच.

या चर्चेत भटक्या-विमुक्त जमातींकडे बोट दाखवणे सोपे असते, आणि शहरी वाचकाला ते सोयीचेही वाटते. कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यात, गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याच्या तक्रारी भटक्यांच्या नाहीत. मढी, जेजुरी, माळेगावच्या जत्रांत ज्या जमातींच्या पंचायती भरत आल्या, त्यांतील कित्येकांना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो डाग कागदोपत्री पुसला गेला १९५२ मध्ये. ज्यांना पोलीस ठाण्यात पाऊल टाकले की संशयित म्हणून बसवले जाई, त्यांनी आपले तंटे आपल्याच पंचांपुढे नेले यात नवल नाही. तिथे न्याय स्वस्त होता आणि लवकरही मिळे. तोच पंच सुनेच्या चारित्र्याचा आणि लेकीच्या लग्नाचा निवाडा करू लागला, की त्या स्वस्ताईची किंमत बाईला मोजावी लागते.

कायद्यातील एका तरतुदीची चर्चा फारशी होत नाही. बहिष्कार घालण्यासाठी बैठक होणार अशी खात्री पटल्यास जिल्हाधिकारी ती आधीच मनाई आदेशाने रोखू शकतात. इथे बहिष्कृत कुटुंबाला साक्षीदार गोळा करावे लागत नाहीत, पंचांशी सौदाही करावा लागत नाही. जत्रांच्या तिथी ठरलेल्या असतात, पंचायत कुठे बसते हे स्थानिक पोलिसांना सहसा ठाऊक असते आणि तक्रार अर्ज बहुधा बैठकीच्या आधीच आलेला असतो.