चिलटाच्या अंड्यातला उजेड

पिकलेल्या केळ्यांच्या फणीभोवती घिरट्या घालणारी चिलटे आपण हाताने हाकलतो आणि कामाला लागतो. शास्त्रज्ञांनी मात्र त्यांच्यातल्या ड्रोसोफिला या जातीचा शंभराहून अधिक वर्षे पाहुणचार चालवला आहे. का, ते तिच्या अंड्यात डोकावले की कळते.

अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. आत सुरुवातीला एकच केंद्रक. पहिल्या काही फेऱ्यांत दर ८-१० मिनिटांनी केंद्रके दुप्पट होत जातात, पण मध्ये पेशींचे पडदे नसतात. भिंती नसलेल्या वाड्यात अख्खे गोत राहावे, तसे तीनेक तासांत सुमारे ६,००० केंद्रके एकत्र नांदतात. मग प्रश्न असा, की आपण डोक्याच्या बाजूला आहोत की शेपटीच्या, हे प्रत्येकाला कोण सांगते?

उत्तर आईच्या शिदोरीत आहे. अंड्याच्या पुढच्या टोकाला आई एक संदेश ठेवते. त्यापासून ‘बायकॉइड’ नावाचे प्रथिन बनते आणि मागे पसरत जाते. पुढे दाट, मागे विरळ. ते केंद्रकात शिरते आणि प्रमाण पाहून ठरावीक जनुके चालू होतात. आईकडून हा संदेश मिळालाच नाही, तर अळीला डोके आणि छाती येत नाही. हे प्रथिन असे उतरत्या प्रमाणात पसरते, हे ड्रीव्हर आणि न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी १९८८ मध्ये दाखवले.

पण तेव्हा भ्रूण मारून, रंगवूनच पाहता येई. एका भ्रूणातले प्रमाण दुसऱ्याशी नीट जुळत नसे. त्यामुळे संदेश मुळात ढोबळ असावा आणि पुढे कुठेतरी दुरुस्त होत असावा, अशी शंका घेतली जाई.

२००७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात थॉमस ग्रेगर आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमध्ये शोधलेले हिरवे चमकणारे प्रथिन त्यांनी बायकॉइडला जोडले आणि जिवंत भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. केंद्रके हिरव्या ठिपक्यांसारखी उजळली. विभाजनाच्या वेळी केंद्रकाचे आवरण विरघळे, उजेड बाहेर सांडे. काही मिनिटांत नवी केंद्रके पुन्हा भरत. आणि नवल असे, की त्याच जागी प्रत्येक फेरीत प्रमाण जवळपास तेवढेच! फरक १० टक्क्यांच्या आत. दोन भ्रूणांमधला फरकही सुमारे १० टक्केच. अंड्याच्या मध्यावर शेजारच्या दोन केंद्रकांतही साधारण तेवढाच फरक असतो. म्हणजे आपण कोण आणि शेजारी कोण, हे ओळखण्याइतका आईचा निरोप नेमका होता.

वाचकहो, ढोबळपणा चिलटात नव्हता. तो बराचसा आपल्या पाहण्याच्या रीतीत होता. मेलेल्या भ्रूणाने एका क्षणाचे चित्र दिले, जिवंत भ्रूणाने सगळी हकीकत सांगितली. उद्या केळ्यांवरचे चिलट हाकलाल, तेव्हा एवढे आठवावे.