नदीवरील रस्ता

गोमंतकांत मांडवी नदीच्या पात्रांत दिवाडी नांवाचें एक बेट आहे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभें राहिलें असतां समोरच्या टेकडीवरील पिएदादचें चर्च स्पष्ट दिसतें. परंतु मधल्या पाण्यावर आजतागायत पूल नाहीं. जुनें गोवें, रायबंदर आणि उत्तरेकडील नार्वें अशा तीन बाजूंनीं फेरीबोटी बेटास लागतात, व तेथील माणसांचें जाणेंयेणें सर्वस्वीं त्यांवरच चालतें. या बेटाविषयीं बाहेरच्यांचीं दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, "बिचारे! एवढ्या सुधारलेल्या काळांत यांस साधा पूल नाहीं." दुसरा, बहुधा सुटीच्या दिवसाचा प्रवासी, म्हणतो, "किती रम्य स्थळ! येथें पूल कधींच होऊं नये." मला हीं दोन्ही मतें सारखींच उथळ वाटतात, कारण पहिला बेटवासीयांची कींव करतो, दुसरा त्यांस देखावा समजतो, आणि त्यांस काय हवें हें कोणीच विचारीत नाहीं.

बेटावरचा दिवस घड्याळावर चालत नाहीं, बोटीवर चालतो. पणजीस नोकरीला जाणारा मनुष्य घरांतून निघतांना "किती वाजले?" असें न म्हणतां "बोट कोणत्या कांठाला आहे?" असें मनांत म्हणतो. समोरून बोट सुटतांना दिसली कीं पाय उचलतो. नुकतीच गेली असेल तर पारावर बसून शेजाऱ्याशीं दोन शब्द बोलतो. हा सक्तीचा विसावा मला तरी सर्वस्वीं वाईट वाटत नाहीं. बोटीवर मोटारवाला, मासळीची पाटी घेतलेली बाई, पाद्री, पोस्टमन आणि शाळेचीं मुलें एकाच फळीवर उभीं असतात, व पायीं जाणारास कांहींच भाडें पडत नाहीं. आमच्या शहरांत एकाच इमारतींत राहणारीं माणसें वर्षानुवर्षें एकमेकांचें नांव जाणत नाहींत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या फळीची किंमत कळेल.

नदीनें येथें देवासही प्रवास घडविला आहे. बेटाच्या नार्वें भागांत सप्तकोटेश्वराचें स्थान होतें. पोर्तुगिजांनीं देऊळ पाडल्यावर तें लिंग पाणी ओलांडून डिचोलीच्या बाजूस नेण्यांत आलें, आणि १६६८ सालीं शिवाजी महाराजांनीं तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. आज नदीच्या दोन्ही तीरांवर नार्वें आहे, आणि दोहोंच्या मधून बोट जाते.

परंतु रम्यतेचें दुसरें अंगही पाहिलें पाहिजे. घर बांधणारास विटा, वाळू, सिमेंट सर्व कांहीं बोटीवरून आणावें लागतें. आगस्ट महिन्याच्या चौथ्या शनिवारीं बोंदेरांचा उत्सव असतो. त्या दिवशीं पाहुण्यांच्या वाहनांची रांग धक्क्यापासून दूरवर जाते, आणि खुद्द बेटावरच्या माणसास आपल्याच घरीं जाण्यासाठीं त्या रांगेंत तिष्ठावें लागतें. हें सर्व सोसतां येईल. पण रात्रीं उशिरां फेऱ्या विरळ झाल्यावर प्रसूतीच्या वेदना सुरू झालेल्या बाईनें अथवा छातींत कळ आलेल्या म्हाताऱ्यानें किती वेळ तिष्ठावें? समोरच्या कांठावरचे दिवे दिसत असतांना आणि तेथें पोहोंचतां येत नसतांना जी घालमेल होते, ती रम्य म्हणणाऱ्या प्रवाशानें एकदां अनुभवावी.

मग पूल बांधला म्हणजे प्रश्न सुटला काय? मांडवीवर पणजी येथें १९७० सालीं पूल झाला. तो १९८६ च्या जुलईंत कोसळला, आणि १९९२ सालीं नवा पूल होईपर्यंत दोन्ही तीरांची वाहतूक फेरीबोटींच्या आधारानेंच चालवावी लागली. ज्या बोटी जुनाट म्हणून हिणविल्या जातात, त्यांनींच राजधानीची अब्रू राखली. शिवाय दिवाडीच्या कडेनें खाजण शेतें आहेत. खाऱ्या पाण्यास बांध घालून आणि मानशीच्या दारांनीं भरतीओहोटी आवरून पिढ्यान्‌पिढ्यांनीं ती जमीन भाताखालीं आणली. पूल झाला तर तिच्याकडे शेत म्हणून न पाहतां घरांचे भूखंड म्हणून पाहणारे पुष्कळ येतील, अशी धास्ती मला वाटते, आणि ती निराधार आहे असें म्हणवत नाहीं.

माझें मत असें आहे कीं फेरीबोट हा रस्ताच आहे, आणि तिला रस्त्याप्रमाणेंच वागविलें पाहिजे. रस्ता रात्रीं निजत नाहीं; त्याचें यंत्र बिघडलें म्हणून तो बंद राहत नाहीं. २०२३ सालीं दुचाकी गाड्यांवर फेरीचें भाडें बसविण्याचें ठरलें, तेव्हां लोकांनीं विरोध केला व सरकारास तें स्थगित करावें लागलें. लोक पैशांसाठीं कुरकुरतात असें तेव्हां कित्येकांनीं म्हटलें. परंतु आपल्या घराच्या उंबरठ्यावर जकातनाका बसविलेला कोणास रुचेल? स्कॉटलंडच्या पश्चिमेस सेंट किल्डा नांवाचें बेट आहे. नियमित बोट नाहीं, आजाऱ्यास वेळेवर मदत नाहीं, तरुण माणसें एकेक करून निघून गेलेलीं, अशा स्थितींत १९३० सालीं उरलेल्या ३६ रहिवाशांनीं स्वतःच अर्ज करून आपलें बेट कायमचें सोडलें. दिवाडी कांहीं सेंट किल्डा नव्हे. ती मिनिटांच्या अंतरावर आहे. पण गांव ओसाड होण्यास समुद्रच मोठा असावा लागतो असें नाहीं. रोजच्या गैरसोयीस कंटाळून मुलगा पणजीस खोली घेतो, पुढें तेथेंच संसार मांडतो, आणि घराला कुलूप लागतें.

आतां शाळेपुरतें. नदी ओलांडून येणारा मुलगा प्रार्थनेस उशिरां पोहोंचला तर शिक्षकानें आधीं बोटीची चौकशी करावी, मग शिक्षेचा विचार करावा. (कांहीं चतुर विद्यार्थी बोट वेळेवर असतांही तिच्यावर दोष ढकलतात, हें मला ठाऊक आहे, त्यांनीं हें वाक्य आपल्या सोयीचें समजूं नये.) पालकांसही एक विनंती. आम्ही आठवीच्या वर्गांत मुलांकडून अर्जलेखन करवून घेतों, आणि दरवर्षीं काल्पनिक तापासाठीं काल्पनिक रजा मागविली जाते. यंदां मुलांनीं नदी परिवहन खात्यास खरा अर्ज लिहावा: रात्रभर एक बोट खलाशांसह धक्क्यास तयार असावी, व नादुरुस्त बोटीच्या जागीं लावण्यास एक राखीव असावी. शुद्धलेखन मी तपासीन; खालीं सह्या पालकांनीं कराव्या.