भाकरीला अट नको

भुकेल्याला अन्न द्यायला निघालेल्या ख्रिस्ती माणसावर आज दोन बाजूंनी बोट रोखले जाते. बाहेरचे म्हणतात, "भाकरीच्या आमिषाने तुम्ही माणसे बाटवता." आतले कुजबुजतात, "कशाला ही नसती बिलामत? दानपेटीत चार पैसे टाकावेत आणि गप्प बसावे." दोन्ही आक्षेपांना आमचे उत्तर एकच आहे : भाकरीला अट नको आणि भाकरी देण्यात खंडही नको.

पहिल्या आक्षेपाने चिडण्याचे कारण नाही. सक्ती, आमिष वा फसवे उपाय योजून कोणालाही श्रद्धेकडे ओढण्यास ख्रिस्तसभेची सक्त मनाई आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच धर्मप्रसारविषयक आदेशात बजावले आहे. प्रभू येशूने पाच हजारांना जेवू घातले, तेव्हा पंगतीत बसणाऱ्यांच्या श्रद्धेची चौकशी केली नाही. तृप्त जमाव त्याला राजा करायला निघाला, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. अन्नाच्या मोबदल्यात अनुयायी जोडण्याची संधी चालून आली होती. ती त्याने नाकारली.

मग धान्याच्या पिशवीआधी प्रवचन कशाला? पिशवीसोबत छायाचित्र कशाला? घेणाऱ्याची मान खाली आणि देणाऱ्याची नजर कॅमेऱ्याकडे, याला सेवा कसे म्हणावे? प्रवचनाला बसलेच पाहिजे, असे तोंडाने कोणी म्हणत नाही. परंतु रांगेतल्या मातेला ती अट बरोबर कळते.

दुसरा आक्षेप अधिक घातक आहे, कारण तो शहाणपणाचा वेष घेऊन येतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. वसईच्या सुखवस्तू धर्मग्रामांचा आणि त्या पाड्यांचा जिल्हा तेव्हाही एकच होता, आजही एकच आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. शिधापत्रिका गावाकडची असली तरी अन्यत्र धान्य उचलण्याची सोयही झाली आहे. परंतु ज्याचे नाव यादीतून गळाले, ज्याचा अंगठा यंत्राला जुळत नाही, त्या मजुराला ती सोय काय कामाची? त्याच्यासोबत तहसील कचेरीत जाऊन उभे राहणे हे दहा पिशव्या वाटण्याहून मोठे अन्नदान आहे. त्यात सत्कार नाही, वेळ मात्र जातो.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही, रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर उठली होती. प्रेषितांनी वाटप थांबवले नाही, तक्रार करणाऱ्यांना कृतघ्नही ठरवले नाही. त्यांनी सात विश्वासू माणसे त्या कामावर नेमवून घेतली. आमच्या प्रत्येक धर्मग्रामात अशी सात माणसे निघणार नाहीत काय? त्यांनी येत्या प्रायश्चित्तकाळात आपल्या हद्दीतील भट्ट्यांवर जावे, शिधापत्रिकांची विचारपूस करावी आणि कॅमेरा घरी ठेवावा.

"हे का करता?" असे कोणी विचारलेच, तर प्रभूचे नाव सांगण्यास मुळीच संकोच नको. मात्र जो विचारणार नाही, त्याचेही ताट तितकेच भरलेले असले पाहिजे.