बी.एड.च का?

आमच्या सल्लाकेंद्रात एक आई मुलीला घेऊन आल्या. "ताई, हिला जरा समजवा. सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पुढे जायचं म्हणते. पोटाला काय मिळणार त्यात?" मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मी पटकन बोलून गेले, "शिक ना, पण जोडीला बी.एड. करून ठेव." तिचा चेहरा पडला आणि मला माझीच लाज वाटली. मुलाला मी हे सांगितलं असतं का?

मग तिच्याकडूनच समजून घेतलं. ही एक वाट नाही, अनेक आहेत. कुणी मूलकणांचा अभ्यास करतं, कुणी गुरुत्वाकर्षण आणि विश्वाच्या उत्पत्तीचा. पदार्थ चुंबक का बनतो, वीज का वाहून नेतो, हे संघनित द्रव्याची शाखा सांगते. सांख्यिकी भौतिकीची साधनं तर साथीचा फैलाव समजून घ्यायलाही वापरतात. कुठल्या शाखेत जागा किती, हे जरूर तपासावं. पीएच.डी.साठी केंद्राची कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, हेही आईवडिलांना सांगावं.

"मुलींना झेपेल का?" म्हणणाऱ्यांना इतिहास सांगू या. एमी नोथर यांनी १९१८ मध्ये दाखवलं की निसर्गातल्या प्रत्येक अखंड सममितीपोटी अक्षय्यतेचा एक नियम असतो. या साऱ्या शाखा आज त्यावर उभ्या आहेत. तेव्हा ग्योटिंगेन विद्यापीठात त्यांची व्याख्यानं हिल्बर्ट यांच्या नावावर जाहीर होत, पगार शून्य. मारिया गोपर्ट-मेयर यांनी, नवरा प्राध्यापक म्हणून, वर्षानुवर्षं बिनपगारी संशोधन केलं; अणुगर्भाच्या कवचरचनेसाठी १९६३ चं नोबेल मिळवलं. घरकामासारखंच हेही फुकट! आपल्या पुण्याच्या रोहिणी गोडबोले (१९५२-२०२४) मूलकणांच्या सिद्धांतात जगभर नावाजल्या गेल्या. झेपण्याचा प्रश्न नव्हताच, दाराचा होता.

मैत्रिणींनो, आपण शिवणयंत्रं वाटली, पापड-लोणच्यांचे गट काढले. त्याची गरज होती, आजही आहे. पण 'उपयोगाचं तेवढंच शीक' ही अट बाईलाच का? विचार करण्यासाठी विचार करणं ही पुरुषांची मिरास कशी? पीएच.डी. आणि त्यानंतरच्या तात्पुरत्या नेमणुकांची वर्षं नेमकी लग्न-बाळंतपणाच्या वयात येतात. म्हणून संस्थांकडे पाळणाघर, वसतिगृह, वयाच्या अटीत सवलत मागणं हेही चळवळीचंच काम आहे.

त्या मुलीला आता मी एम.एस्सी.च्या 'जॅम' परीक्षेचा अर्ज भरायला मदत करते आहे. बी.एड.चा विषय मी पुन्हा काढलेला नाही. आईंशी बोलणं चालू आहे.