नॉर्चाची दर्शनी भिंत

रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस असा इटलीचा ठरीव प्रवास करणाऱ्या आपल्याकडील पर्यटकांच्या यादीत नॉर्चा हे गाव सहसा नसते. मध्य इटलीच्या उम्ब्रिया प्रांतातील, डोंगरांनी वेढलेले हे तटबंदीचे छोटेसे गाव. मात्र युरोपच्या मनोविश्वात त्याचे स्थान मोठे आहे. इ. स. ४८० च्या सुमारास येथे संत बेनेडिक्ट जन्मले. त्यांनी घालून दिलेल्या नियमांवर पश्चिम युरोपातील मठपरंपरा उभी राहिली आणि १९६४ साली पोप पॉल सहावे यांनी त्यांना युरोपचे संरक्षक संत म्हणून घोषित केले. त्यांचे जन्मस्थान मानल्या गेलेल्या जागेवर, गावाच्या मुख्य चौकात, बेनेडिक्टांची बॅसिलिका आहे.

३० ऑक्टोबर २०१६, रविवार. सकाळचे ७ वाजून ४० मिनिटे झाली असताना ६.५ तीव्रतेच्या भूकंपाने ही बॅसिलिका कोसळली. उरली ती प्रामुख्याने दर्शनी भिंत. त्या सकाळी चौकात गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या साध्वी, धर्मगुरू आणि नागरिक यांची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. आश्चर्य असे की, एवढा मोठा धक्का बसूनही नॉर्चात त्या दिवशी एकही माणूस दगावला नाही. ऑगस्टमधील आणि ऑक्टोबरअखेरच्या आधीच्या धक्क्यांमुळे अनेकांनी घरे सोडली होती, हे एक कारण. दुसरे कारण अधिक बोधप्रद आहे. १८५९ च्या भूकंपानंतर तेव्हाच्या पोपशासनाने येथील घरांच्या उंचीवर मर्यादा घातली आणि भिंती कशा बांधाव्यात याचे नियम केले. १९७९ आणि १९९७ च्या भूकंपांनंतर घरांचे मजबुतीकरण झाले. म्हणून घरे बव्हंशी तगली. चर्च मात्र एकामागून एक पडली.

आम्ही २०२३ च्या सप्टेंबरात तेथे गेलो, तेव्हा ती दर्शनी भिंत लोखंडी पहाडांच्या आधाराने उभी होती. मागे क्रेन. चौकाच्या मध्यभागी बेनेडिक्टांचा पुतळा जागच्या जागी. तटाबाहेर लाकडी तात्पुरत्या घरांच्या वसाहती होत्या आणि भूकंपाला सात वर्षे होऊनही त्यांत कुटुंबे राहत होती. इटलीतील लालफीत आपल्याकडच्या लालफितीची सख्खी बहीण शोभावी. तेव्हा 'युरोपात सारे कसे झटपट होते' हा भाबडा समज कुणी बाळगू नये.

परंतु एका गोष्टीने आम्हाला अंतर्मुख केले. बॅसिलिका पडल्यावर ती कशी उभारावी, यावर तेथे मोठा वाद झाला. आधुनिक शैलीची नवी वास्तू उभारावी, भूकंपाची जखम दिसू द्यावी, असे म्हणणारी मंडळी होती. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते : होती तेथे, होती तशी. ढिगाऱ्यातील दगड निवडून, वर्गवारी करून ठेवले गेले. पुन्हा वापरता येण्याजोगे ते वेगळे काढले गेले. नव्या बांधकामात भूकंपरोधक तंत्र आले, पण चेहरा तोच राहिला. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर, भूकंपाला नऊ वर्षे होत असताना, बॅसिलिकेची दारे पुन्हा उघडली.

आणि हे सारे कोणाच्या पैशाने? इटलीच्या शासनाबरोबर युरोपीय संघाच्या निधीचाही त्याला हातभार लागला. मध्य इटलीतील भूकंपग्रस्त भागासाठी संघाने २०१७ मध्ये सुमारे १२० कोटी युरो मंजूर केले. वाचकांना आठवत असेल, याच युरोपीय संघाच्या २००४ च्या प्रस्तावित राज्यघटनेच्या प्रास्ताविकात ख्रिस्ती धर्माचा नामोल्लेख करण्यास नकार देण्यात आला होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आग्रह धरूनही तो झाला नाही. कागदावर नाव घेण्याचा संकोच. पण संरक्षक संताचे मंदिर पडताच थैली उघडण्यात संकोच नाही! कॅथॉलिक पंथ हा राज्याचा धर्म असल्याची तरतूद १९८४ च्या करारानंतर मागे पडलेला इटलीही आपल्याला 'सेक्युलर' म्हणवतो. त्यामुळे कोणाचे सेक्युलरपण बाटले, असे ऐकिवात नाही.

आपल्याकडे सोमनाथाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा गांधीजींच्या सूचनेप्रमाणे तो सरकारी तिजोरीतून नव्हे, तर लोकवर्गणीतून झाला. त्यात गैर काहीच नव्हते. समाजाने आपले श्रद्धास्थान आपल्या पैशाने उभारणे हे भूषणच. खटकतो तो नंतरचा संकोच. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी प्राणप्रतिष्ठेला जाऊ नये, असे पंतप्रधानांना वाटत होते. राष्ट्रपती गेले, हे आपले भाग्य.

पण सेक्युलर मंडळींवर टीका करून आपली सुटका होत नाही. नॉर्चाहून परतताना मनात घोळत होते ते आपलेच जीर्णोद्धार. महाराष्ट्रातील किती हेमाडपंती मंदिरांच्या खांबांवर आपण तैलरंगांचे थर चढवले? किती गाभाऱ्यांत चकचकीत फरशा बसवल्या? शेकडो वर्षांचा काळा पाषाण 'जुना दिसतो' म्हणून सिमेंटने लिंपणारे हात परक्यांचे नाहीत. विश्वस्त आपले, वर्गणी आपली, उत्साहही आपलाच. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी तेवढी अक्षय टिकते.

किल्लारीची आठवणही येणारच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीने जड झालेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. स्वयंसेवकांनी प्रेते उचलली, अंत्यसंस्कार केले. जनकल्याण समितीने पुढे हरंगुळला निवासी विद्यालय उभे केले. शासनाने ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे भक्कम झाली, हे निर्विवाद. पण वाडे, बोळ, पार, देवळापुढचे अंगण, म्हणजे ज्याला आपण गाव म्हणतो ते, आखीव चौकटींच्या वसाहतींत किती उतरले? 'होते तसे' हवे, असे म्हणण्याची सवड त्या दुःखात कुणाला होती, आणि ते विचारायला आपल्यापैकी तरी कोण गेले?

नॉर्चाजवळील कास्तेलूच्चोच्या पठारावरची मसूर इटलीभर प्रसिद्ध आहे. भूकंपाने रस्ते तुटले होते, तरी २०१७ च्या वसंतात तेथील शेतकरी ट्रॅक्टरांचा तांडा घेऊन पेरणीसाठी वर गेले. गाव ढिगाऱ्यात असताना त्यांनी हंगाम चुकू दिला नाही. निघताना आम्ही त्या मसुरीची एक लहानशी पिशवी विकत घेतली. घरी आमटी केली. दाणा बारीक, शिजायला आपल्या मसुरीसारखाच.